‘अज्वलनशील’: एका लेबलावरच्या ‘इन’चे प्रकरण

प्रूफ तपासताना डोळा आधी अडखळतो, का अडखळला ते मागाहून कळते. पाच लिटरच्या कॅनवर चिकटवायच्या लेबलाचा मराठी मसुदा माझ्यासमोर होता. द्रव यंत्रांच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस काढण्याचा. काम भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपना माल पुरवणाऱ्या एका विक्रेत्याचे. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात मराठी. चौदाव्या ओळीत डावीकडे होते ‘इनफ्लेमेबल लिक्विड’ आणि उजवीकडे ‘अज्वलनशील द्रव’.

मला वाटले, ‘ति’ गळला. पेट्रोलच्या टँकरमागे ‘अतिज्वलनशील’ वाचत आपण सगळेच लहानाचे मोठे झालो आहोत, त्यामुळे हात आपोआप चालला. ‘अ’च्या पुढे हंसपद काढले, वर ‘ति’ लिहिला आणि कागद परत पाठवला.

अर्ध्या तासाने माझी सहकारी कागद घेऊन आली. या कामात ती नवी, पण मेहनती. शंका आली की विचारणारी. म्हणाली, “ताई, इथे ‘ति’ कशाला? ‘इन’ म्हणजे ‘नाही’ ना? इनव्हिजिबल, इनकरेक्ट, इनॅक्टिव्ह. मग इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं.”

म्हणजे हा छपाईचा दोष नव्हताच. तिने विचार करून लिहिलेला शब्द होता, आणि मी तो न विचारता खोडला होता. गळालेला ‘ति’ एकदाच गळतो. चुकीचा नियम मात्र जिथे जिथे तो शब्द येईल तिथे तिथे तीच चूक करत राहतो. तोच शब्द त्या फाइलमध्ये आणखी चार ठिकाणी होता, आणि चारही ठिकाणी तिने अगदी सुसंगतपणे ‘अज्वलनशील’ केले होते. दुसरे सगळे काम बाजूला ठेवून आम्ही दोघी त्या एका शब्दावर बसलो. त्या दुपारी जे हाती लागले ते इथे सविस्तर मांडते आहे.

चूक छापली गेली असती तर

विक्रेत्याकडून सुरक्षा माहिती पत्रक मागवले. अशा पत्रकाचे सोळा विभाग ठरलेले असतात. धोके दुसऱ्या विभागात आणि भौतिक गुणधर्म नवव्यात. नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट होता १२ अंश सेल्सिअस. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवातून इतकी वाफ निघते की एका ठिणगीने ती भडकावी. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या शेडखाली, हा द्रव त्या मर्यादेच्या कितीतरी वर असणार. थंडीतल्या दुपारीसुद्धा वरच. पेट्रोलियमच्या नियमांत २३ अंशांखालचा फ्लॅश पॉइंट असलेला माल ‘ए’ वर्गात, म्हणजे सगळ्यांत जोखमीच्या वर्गात जातो, यावरून अंदाज यावा.

वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. बाकाखाली कॅन, बाकावर ग्राइंडर, कोपऱ्यात गॅस कटिंग. माणूस चिंधी द्रवात बुडवतो, बेअरिंग पुसतो, चिंधी तिथेच टाकतो. अशा द्रवाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत कॅनपासून बऱ्याच लांबवर जाते. या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही म्हणूनच तर मराठी लेबल हवे होते. त्याने ‘अज्वलनशील’ वाचले असते आणि त्यावर विश्वास ठेवला असता.

मसुद्यातच पुरावा होता

त्याच लेबलावर पुढे ‘ठिणगी, ज्योत व उष्णतेपासून दूर ठेवा’ अशी सूचना होती. जे पेटतच नाही ते ठिणगीपासून दूर कशाला ठेवायचे? हा विरोध तिच्या नजरेतून कसा सुटला, असा प्रश्न पडला. कारण साधे निघाले. मजकूर आला होता एक्सेलमध्ये, ओळींचे तुकडे करून. ‘इनफ्लेमेबल लिक्विड’ चौदाव्या ओळीत, ठिणगीची सूचना सदतिसाव्या. चित्र नाही, लेबलाची मांडणी नाही. लाल चौकटीतली ज्योत छापील लेबलावर होती, पण भाषांतर करणाऱ्याच्या पडद्यावर ती कधी आलीच नाही. ती सूचना सगळ्याच रसायनांना लावतात तशी सर्वसाधारण असेल, असे तिने गृहीत धरले होते.

तिला मी दोष देत नाही. संदर्भ काढून घेतला की शब्दाचा अर्थ शब्दातूनच काढावा लागतो, आणि तिच्याजवळ त्यासाठी एकच हत्यार होते: स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत पाठ केलेला उपसर्गांचा तक्ता. ‘इन, इम, इल, इर – अर्थ: नाही.’ तक्ता खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा त्या पुस्तकांत सहसा छापतच नाहीत, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

लॅटिनमधले दोन ‘इन’

लॅटिनमध्ये ‘इन’ हा उपसर्ग एक नाही, दोन आहेत. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी.

पहिला नकाराचा. त्याची सख्खी भावंडे म्हणजे संस्कृतचा ‘अ’ किंवा ‘अन्’, ग्रीकचा ‘अ’ किंवा ‘अन्’ आणि इंग्रजीचा ‘अन’. नाते किती जवळचे, ते एका जोडीतून दिसते: लॅटिन ‘इग्नोतुस’ आणि आपला ‘अज्ञात’. इ-ग्नो-तुस, अ-ज्ञा-त. तुकड्यासमोर तुकडा ठेवा. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय, तिन्ही एकाच मुळाचे. (‘ग्न’पुढे लॅटिन ‘इन’चा ‘न्’ गळतो, म्हणून नुसता ‘इ’ दिसतो.) याच घराण्यातले ‘इनिमीकुस’, म्हणजे जो मित्र नाही तो, शत्रू. ‘इन्फान्स’, ज्याला बोलता येत नाही ते, तान्हे बाळ. इंग्रजी ‘इन्फंट’ त्यातून आला. ‘इन्तेगेर’, ज्याला हात लागलेला नाही असे, म्हणून अखंड. शाळेतला ‘इंटिजर’ तोच, आणि आपण त्याला पूर्णांक म्हणतो. ‘इम्मूनिस’, ज्याच्यावर कर किंवा सरकारी सेवेचे ओझे नाही असा. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेली ‘इम्युनिटी’ मुळात रोमन करमाफीच्या घरातली.

दुसरा ‘इन’ जागा दाखवणारा: आत, वर, कडे. कित्येकदा नुसता जोर देणारा. याचे नाते ग्रीक ‘एन’शी आणि लॅटिनच्याच ‘इन्तेर’मधून आपल्या ‘अंतर्’शी. ‘इन्फ्लारे’, आत हवा फुंकणे. त्यातून ‘इन्फ्लेशन’, आणि मराठीने चलनफुगवटा म्हणताना नेमके तेच फुगणे पकडले. ‘इर्रिगारे’, पाणी आत वळवणे. सिंचनासाठीचा इंग्रजी ‘इरिगेशन’ याच क्रियापदावर उभा आहे. ‘इम्पोनेरे’, वर ठेवणे, लादणे. ‘इल्लूमिनारे’, उजेड पाडणे. ‘इन्केन्देरे’, पेटवणे. आणि ‘इन्फ्लाम्मारे’: ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्योत, तिच्यावरून क्रियापद, त्याला हा ‘इन’. अर्थ: पेट घ्यायला लावणे.

जुळे म्हटले, कारण पुढच्या अक्षराप्रमाणे दोघेही एकसारखेच बदलतात. ‘प’, ‘ब’, ‘म’पुढे दोघांचा ‘इम’, ‘ल’पुढे ‘इल’, ‘र’पुढे ‘इर’. म्हणजे रूपावरून ओळखायची सोयच नाही. ‘इल्लिकितुस’ (निषिद्ध) आणि ‘इल्लूमिनारे’ शेजारी ठेवले तर पहिली तीन अक्षरे काहीच सांगत नाहीत.

एक खूण मात्र बऱ्यापैकी भरवशाची आहे. नकाराचा ‘इन’ विशेषणांना आणि कृदंतांना लागतो. क्रियापदाच्या मुळाला तो जवळजवळ लागतच नाही. तिथे दिसला तर तो बहुधा जागेचा किंवा जोराचा. म्हणून शब्द कोणत्या क्रमाने बांधला गेला ते पाहावे लागते. ‘इन्क्रेदिबिलिस’मध्ये आधी ‘क्रेदिबिलिस’, विश्वास ठेवण्याजोगा, आणि मग पुढे नकार. ‘इन्फ्लाम्माबिलिस’मध्ये आधी ‘इन्फ्लाम्मारे’ हे पेटवण्याचे क्रियापद आणि मग मागून ‘बिलिस’ हा ‘-ण्याजोगा’ सांगणारा प्रत्यय. बाहेरून घर सारखेच दिसते. आतल्या भिंती वेगळ्या.

हे मी कागदावर काढून दाखवत होते, ती मान डोलावत होती, पण पटलेले दिसत नव्हते. नियम सांगून कुणाला पटत नाही, मला तरी कधी पटला नाही. तेवढ्यात तिच्या मनगटाला बांधलेल्या पट्ट्याकडे लक्ष गेले. विचारले, “डॉक्टर काय म्हणाले?”

“टेंडनला इन्फ्लेमेशन आहे म्हणाले.”

“मराठीत काय लिहिशील?”

“दाह,” ती म्हणाली, आणि थांबली. मग स्वतःच कागद ओढून घेतला आणि पाचही ठिकाणचे ‘अ’ खोडले.

‘दाह’ शब्दात आग आहे, तशीच ‘इन्फ्लेमेशन’मध्येही. पहिल्या शतकातल्या केल्सुस या रोमन लेखकाने त्याची चार लक्षणे लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवतात. इथे ‘इन’चा अर्थ ‘नाही’ घ्यावा असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही, कारण दुखरा हात समोर असतो. लेबलावर ती सोय नसते.

रोमन लोकांचेही पाय अडकायचे

हा गोंधळ इंग्रजी शिकणाऱ्यांपुरताच आहे असे वाटत असेल तर तसे नाही. लॅटिन शब्दकोशात ‘इम्मूतातुस’ उघडा: ‘बदललेला’ आणि ‘न बदललेला’, दोन्ही अर्थ. ‘इन्फेक्तुस’ म्हणजे ‘न केलेले’ आणि ‘रंगात बुडवलेले, डागाळलेले’सुद्धा, दुसऱ्या अर्थाच्या धातूतून आजचे ‘इन्फेक्शन’ आले. प्लाउतुस हा इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला नाटककार. त्याच्या ‘काप्तिवी’ या नाटकात एक फुकट जेवणारा पाहुणचारखाऊ येतो. तरुण मंडळींनी त्याला ‘गणिका’ असेच टोपणनाव पाडलेले असते, कारण मेजवानीत तो नेहमी ‘इन्वोकातुस’ असतो. फासे टाकताना जुगारी आपल्या प्रेयसीचे नाव घेतात, ती ‘इन्वोकाता’, म्हणजे नाव घेऊन आळवलेली. हा बापडा ‘इन्वोकातुस’, म्हणजे बोलावणे नसलेला. सगळा विनोद त्या एका ‘इन’वर उभा आहे, आणि प्रेक्षकांना दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत असल्याशिवाय तो चाललाच नसता.

रंगमंचावर हे शोभते. रसायनाच्या कॅनवर नाही.

आपल्या घरातली तीच अडचण

सहकारीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटते मराठी माणसाला हे प्रकरण समजण्याचा सगळ्यांत जवळचा रस्ता हाच. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत ‘अचपळ मन माझे’ असे आहे. मन चपळ नाही अशी तक्रार समर्थ करतात का? उलट, ते इतके चंचल आहे की आवरता आवरत नाही. इथला ‘अ’ नकाराचा नाही, जोराचा आहे. परवचा म्हणताना लहान मुलांनाही हे कधी अडत नाही, कारण पुढचे शब्द अर्थ सावरून घेतात. ‘अघोर’चेही तसेच काहीसे: संस्कृतात जो घोर नाही तो अघोर, शिवाचे नाव, मराठीत मात्र ‘अघोरी’ म्हणजे भयंकर.

आणि ‘अनु’ घ्या. अनुवाद, अनुकरण, अनुचर यांत ‘अनु’ म्हणजे मागोमाग. अनुचित, अनुदार, अनुपस्थित, अनुत्तीर्ण यांत ‘अनु’ नाहीच. तो ‘अन्’ आणि पुढचा ‘उ’. निकालाच्या कागदावर ‘अनुत्तीर्ण’ वाचून कुणी ‘उत्तीर्णांच्या मागोमाग’ असा अर्थ लावत नाही, कारण तो शब्द कुठे तोडायचा ते आपल्याला घरच्या घरी माहीत असते. परक्या भाषेत तोडायची जागा शिकावी लागते. तिची चूक एवढीच.

औषधाने वाढवलेला आजार

इंग्रजीत ‘इनफ्लेमेबल’ सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. ‘फ्लेमेबल’ त्याच्या दोनशे वर्षांनंतरचा, १८१३ च्या आसपासचा, आणि बराच काळ कुणाच्या फारसा तोंडी नव्हता. धोका ओळखला तो आगीशी रोज गाठ पडणाऱ्या लोकांनी. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने १९५९ मध्ये तेच धोरण जाहीर केले: ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’, ‘इन’ नको. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या रसायन-लेबलांच्या जागतिक पद्धतीतही इंग्रजीसाठी ‘फ्लेमेबल’च आला.

निर्णय योग्यच होता, पण त्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. ‘फ्लेमेबल’ नव्हता तोवर ‘इनफ्लेमेबल’ला शेजारी नव्हता. तो रुळला आणि जुना शब्द त्याचा विरुद्धार्थी वाटू लागला. व्हिजिबल-इनव्हिजिबल, तसे फ्लेमेबल-इनफ्लेमेबल. भर म्हणून ‘कम्बस्टिबल’ आणि ‘इनकम्बस्टिबल’ ही जोडी खरोखरच विरुद्धार्थी आहे. दोनांपैकी कोणताही एक शब्द सगळीकडे असता तर निभावले असते. दोन्ही एकाच गोदामात नांदतात, हा खरा धोका. आणि आपल्याकडे ते नांदतात: १९५२ चा केंद्राचा कायदा ‘इनफ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’, टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’, आणि परदेशातून आलेल्या पिंपावर ‘फ्लेमेबल’. स्फोटक आणि पेट्रोलियम पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था ‘पेसो’ नागपूरला आहे, म्हणजे हा विषय आपल्या अंगणातलाच. माझे स्पष्ट मत आहे की टँकरवरच्या पाट्या नव्याने रंगवताना तरी ‘इन’ पुसायला हवा.

फ्रेंचांनी ‘इन’ ठेवला आणि तरी गोंधळ टाळला. त्यांच्या लेबलांवर आजही ज्वलनशीलसाठी ‘ॲंफ्लामाब्ल’ हाच शब्द आहे. न पेटणाऱ्यासाठी ते त्याच्यापुढे नकाराचा दुसरा ‘इन’ लावतात. दोन्ही जुळे भाऊ एका शब्दात मागेपुढे उभे: नकाराचा आधी, जोराचा नंतर. सहकारीला हे फार आवडले. तिने तो शब्द भिंतीवरच्या फळ्यावर लिहून दोन ‘इन’ दोन रंगांत रंगवले.

काय बदलले

इंग्रजी मूळच जुने होते, हे आता उघड झाले होते. १२ अंश फ्लॅश पॉइंटच्या द्रवाला नुसते ‘पेटणारा’ म्हणून भागत नाही. आजच्या वर्गवारीप्रमाणे तो ‘हायली फ्लेमेबल लिक्विड अँड व्हेपर’ ठरतो. विक्रेत्याला लिहिले, आधी इंग्रजी बदला. त्यांनी पत्रक पुढे केल्यावर बदलले.

मराठीसाठी तीन पर्याय होते. ‘ज्वालाग्राही’ वर्तमानपत्रांत चालतो, वर्कशॉपमध्ये नाही. ‘अतिज्वलनशील’ सगळ्यांच्या ओळखीचा. मी तो नाकारला, आणि त्याचे कारण माझीच चूक. ‘अतिज्वलनशील’ आणि ‘अज्वलनशील’ यांच्यात अंतर एका ‘ति’चे. द्रवाचा ओघळ आला, नखाने लेबल खरवडले, छपाईत अक्षर पुसट आले, की धोक्याची सूचना अभय देऊ लागते. मी स्वतः तो ‘ति’ गळला असे धरून चालले होते. मग तो गळूही शकतो. जो शब्द एका अक्षराने उलटतो तो अशा जागी नको.

म्हणून तिने लिहिले: ‘धोका! हा द्रव आणि याची वाफ लगेच पेट घेते.’ उपसर्ग एकही नाही. खाली: ‘ग्राइंडर, वेल्डिंग, गॅस कटिंग, बिडी-सिगारेट यांपासून दूर ठेवा. रिकाम्या कॅनमध्येही वाफ असते. कॅन कापू नका, तापवू नका.’ रिकाम्या कॅनची ओळ इंग्रजीत नव्हती. ती तिने सुचवली, विक्रेत्याने मान्य केली.

कामाच्या पद्धतीत दोन बदल केले. धोक्याच्या ओळी आता चित्रासकट मागवतो; चित्र नसेल तर काम सुरू करत नाही. आणि लाल शाईने दुरुस्ती करण्याआधी मी ‘हे असं का लिहिलंस?’ असे विचारते. त्या दिवशी ती कागद घेऊन परत आली नसती, तर उरलेले चार ‘अज्वलनशील’ माझ्या नजरेतून सुटले असते का, याचे उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही.

पंधरा दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला. जुन्या इंग्रजी लेबलांचे कॅन शिल्लक होते; नवे मराठी लेबल त्यांच्या शेजारी चिकटवले तर चालेल का? फोन तिने घेतला होता. म्हणाली, “शेजारी नको, काका. जुन्याच्या वरच लावा, आणि पूर्ण झाकेल असं. ‘इन’ दिसायला नको.”